साडेसात वेढे

पहाटे साडेपाचला शटरनं बार काढला
तेव्हा अख्ख्या गल्लीला वाटलं, डीपी उडाला.
समोरच्या खैरनारांनी बॅटरी मारली.
शटर गुडघ्याएवढं वर,
पुढं जाईना, खाली येईना.
आत माझी गिरणी, आत लोकांचे एकोणीस डबे,
झाकणांवर नावं: गांगुर्डे, शेवाळे,
'पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला'.

वाकून आत जाता आलं असतं.
एक पाय घातलाही होता.
"बाहेर!"
पुंजाराम पगार असे ओरडतात की कबुतरं उडतात.
अंबडच्या प्रेस शॉपला तीस वर्षं दिली,
दोन्ही कान तिथंच ठेवून आले.
बोटं मात्र दहाच्या दहा घरी आणली.
कुणी सर्टिफिकेट विचारलं
की दोन्ही पंजे पुढं करतात.

आधी तर त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही.
शटरखाली दोन्हीकडं सागाचे ठोकळे सरकवले,
गाईडला शिकंजे आवळले,
गिरणीचा मेन स्विच पाडला,
मला पदर खोचायला लावला, बांगड्या उतरवायला लावल्या,
पोरांना पलीकडच्या ओट्यावर बसवलं
आणि चहा मागितला.
मी खुणेनं विचारलं, काम कधी?
"हेच काम. उरलेली हमाली."

वर पाइपात ग्रीस होतं आणि ग्रीसमध्ये माझंच पीठ,
बाजरीचं, ज्वारीचं, अकरा वर्षांचं,
मळून मळून दगड झालेलं.
एक स्प्रिंग तुटलेली.
तिच्याकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.
"मेलेली काय करणार? भीती धडधाकट आहे तिची.
पीळ घेऊन गप्प बसलीय.
म्हशीच्या मागं उभी राहतेस का कधी?
मग इथंही बाजूला राहा."

मी मोजायचं आणि त्यांना ऐकू येणार नाही,
म्हणून दर वेढ्याला भिंतीवर खडूची एक रेघ.
पान्हा फिरे, कट्ट आवाज होई,
मनगटावरच्या शिरा वर येत.
या शटरला साडेसात, ते म्हणाले,
प्रत्येकाचा आकडा वेगळा.
साडेसातीच की, मी पुटपुटले.
ते रेघांकडं बघत राहिले.
अर्धी रेघ काढताना
माझ्या हाताला कापरं भरलं, त्यांच्या नाही.

तीन पावसाळे गेले. पगार लेकीकडं सटाण्याला गेले.
मागच्या मंगळवारी दुसरी स्प्रिंग बोलली.
ठोकळे मी लावले. शिकंजे, स्विच, पोरं, ओटा.
चहासुद्धा केला, एकटीनं प्यायले.
भद्रकालीतून आणलेली नवी स्प्रिंग चढवली,
घोड्यावर उभी राहिले, बाजूला,
आणि जुन्या रेघांशेजारी नव्या रेघा.
एक. दोन. पाचपर्यंत हात माझा होता.
सहाव्याला पान्हा थरथरला,
आणि मला कळलं की आता तो मला धरतोय.

अजून दीड वेढा.
खाली बायका उभ्या होत्या.
"झालंच की गं," असं कुणीतरी म्हणालं.

मी बोल्ट घातला.
चाक अडकवलं, दोनदा हलवून पाहिलं,
पान्हा काढला, खाली उतरले.

लेकीनं व्हिडिओवर म्हाताऱ्याला समोर बसवलं.
मी भिंत दाखवली, सहा रेघा.
ते काही बोलले नाहीत.
दोन्ही पंजे वर केले.
मीही केले.
बराच वेळ आम्ही तसेच, एकमेकांची बोटं मोजत.

मग त्यांनी अहिरेंच्या भूषणला पाठवलं,
तो सातपूरहून चारला आला.
तोवर शटर गुडघ्याएवढंच होतं,
कुणाचाही डबा निघाला नाही.
गांगुर्डेबाईंनी त्या दिवशी
भात लावला.